शोतोकानचा वाघ आला कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये सिडकोच्या बाजूला शोतोकान या शैलीच्या कराटेचा क्लास चालतो. मुलांच्या ड्रेसवर वर्तुळातला वाघ आहे. एका पालकांनी विचारलं, हा वाघ कसला? तर क्लासमधल्याच तिघांनी तीन उत्तरं दिली: सामुराईंचं निशाण, चिनी व्याघ्रशैलीची खूण, आणि 'ताकदीचं प्रतीक'. त्यातच मंडळाला आता क्लासचं नवं बोधचिन्ह करायचंय. कुणी म्हणतं वाघाच्या पंजात गदा द्या, कुणी म्हणतं मागे गोदावरी काढा. वाघाचा अर्थ काय, आणि त्यात असा बदल करावा का?

पहिली दोन उत्तरं चुकीची आहेत. तिसरं इतकं ढोबळ आहे की ते कुठल्याही जनावराला लागू पडेल. शोतोकानचा वाघ रणांगणातून आलेला नाही, देवळातून नाही आणि जंगलातून तर नाहीच. कराटे जिथलं, त्या जपानच्या ओकिनावा बेटावर वाघ नाही, जपानच्या बाकी बेटांवरही नाही. तो आला पुस्तकातून. हे एकदा नीट कळलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून तेच आधी सविस्तर सांगतो.

शोतोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशी हे ओकिनावातल्या शुरी गावचे. जन्म १८६८, पेशा शाळामास्तरकीचा. १९२२ मध्ये ते टोकियोत कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला गेले ते परत ओकिनावात राहायला आलेच नाहीत. वय पन्नाशीच्या पुढे, खिसा रिकामा. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांसाठी मेइसेइ जुकू नावाचं एक वसतिगृह होतं. तिथे ते राहायचे, आवार झाडायचे, पडेल ते काम करायचे आणि उरलेल्या वेळात शिकवायचे. आज ज्यांची तसबीर शोतोकानच्या दोजोच्या, म्हणजे सरावाच्या जागेच्या, भिंतीवर असते, त्या गृहस्थांची टोकियोतली सुरुवात ही अशी होती.

याच काळात त्यांची ओळख होआन कोसुगी या चित्रकाराशी झाली. कोसुगी निक्कोचे, जन्म १८८१, आणि त्या काळी नाव कमावलेले. टोकियो विद्यापीठाच्या यासुदा सभागृहातली भित्तिचित्रं त्यांचीच. ताबाता भागातल्या कलावंतांचं 'पॉप्लर क्लब' नावाचं एक मंडळ होतं, कोसुगी त्याचे अध्यक्ष. मूळचा तो टेनिसचा क्लब. रंगकाम संपवून टेनिस खेळणाऱ्या या चित्रकारांना कराटे शिकायची हौस आली आणि फुनाकोशी त्यांना शिकवू लागले. कोसुगींचं म्हणणं पडलं की ही विद्या नुसती पाहून आणि हात हलवून टिकायची नाही, तुम्ही पुस्तक लिहा. पुस्तकाच्या सजावटीचं मी बघतो.

फुनाकोशींनी लिहिलं. पहिलं पुस्तक १९२२ मध्येच निघालं. पुढच्याच वर्षी, १९२३ च्या सप्टेंबरात, कांतो भागात महाभूकंप झाला आणि छपाईचे ठसे नष्ट झाले. सुधारून नवी आवृत्ती काढावी लागली. मग १९३५ मध्ये 'कराटे-दो क्योहान' हा त्यांचा मुख्य ग्रंथ आला. ज्या वाघाला आपण शोतोकानचा वाघ म्हणतो तो जगभर ओळखला जाऊ लागला तो या ग्रंथाबरोबर.

पण चित्रकाराने वाघच का काढला? जपानीत 'तोरा नो माकी' असा एक शब्दप्रयोग आहे. तोरा म्हणजे वाघ, माकी म्हणजे गुंडाळी, पोथी. एखाद्या विद्येचा जो अखेरचा, अधिकृत ग्रंथ, त्याला असं म्हणतात. याचं मूळ चीनमध्ये, 'लिऊ ताओ' या प्राचीन युद्धशास्त्राच्या ग्रंथात आहे. त्याचे सहा भाग आहेत आणि त्यातला एक वाघाच्या नावाचा. (एक बिबट्याच्या नावाचाही आहे. उसातून थेट कॉलनीत येणारा बिबट्या पाहिलेल्या नाशिककरांना तोच जास्त जवळचा वाटला असता.) कोसुगींच्या डोक्यात हिशेब सरळ होता: कराटेवरचा हा अधिकृत ग्रंथ, म्हणजे कराटेची तोरा नो माकी, म्हणून मुखपृष्ठावर वाघ. चित्रकाराने शब्दावर केलेला हा खेळ आहे. गंमत अशी की आजच्या बोलीभाषेत जपानी पोरं परीक्षेच्या उत्तरांच्या आयत्या पुस्तकालाही हेच म्हणतात, म्हणजे आपल्याकडचं दहावीचं गाईड.

तेव्हा चिनी धागा आहे खरा, पण तो त्या शब्दात आहे, मारामारीच्या शैलीत नाही. दक्षिण चीनच्या काही कुंग-फू शैलींमध्ये वाघाचा पंजा, वाघाची चाल शिकवतात. शोतोकानमध्ये तसं काही नाही. आपण मूठ आवळतो, पंजा करत नाही. आणि सामुराईंचं म्हणाल तर कराटे ओकिनावाचं, तेव्हाच्या र्‍युक्यू राज्याचं. त्या राज्याच्या राजघराण्याचं चिन्ह वेगळंच आहे: वर्तुळात फिरणारे तीन थेंब, ज्याला हिदारी गोमोन म्हणतात. ओकिनावातल्या पुष्कळ कराटे शाळा तेच लावतात. वाघ कुठल्याच सरदार घराण्याचा नव्हता.

'वाघाचं शेपूट' हा आणखी एक धागा पुन्हा पुन्हा पुढे येतो. शुरीजवळ तोराओ नावाची एक अरुंद, दाट झाडीची टेकडी होती. लांबून वाघाच्या शेपटीसारखी दिसते म्हणून ते नाव. तरुणपणी फुनाकोशी दिवसभराच्या मेहनतीनंतर तिथे एकटे फिरायला जात. पाइनच्या झाडांतून वारा सळसळायचा, तो आवाज त्यांना फार आवडायचा. कविता लिहायचे तेव्हा 'शोतो' हे टोपणनाव त्यांनी यावरूनच घेतलं: पाइनच्या लाटा. पुढे १९३० च्या दशकात शिष्यांनी वर्गणी काढून त्यांना दोजो बांधून दिला आणि त्याला 'शोतो-कान', म्हणजे शोतोंचं घर, असं नाव दिलं. ती इमारत १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात गेली, नाव राहिलं.

आता वाघाच्या शेपटीची टेकडी आणि मुखपृष्ठावरचा वाघ या दोन गोष्टी इतक्या सुरेख जुळतात की लोकांनी त्यांचं एकच कथानक करून टाकलं. 'टेकडीवरून वाघ आला' असं छापील माहितीपत्रकांतही वाचायला मिळतं. माझं मत विचाराल तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेकडीतून नाव आलं, ग्रंथातून वाघ आला. फुनाकोशींना हा योगायोग आवडला असेल, आपल्यालाही आवडायला हरकत नाही, पण मुलांना सांगताना दोन्ही वेगवेगळ्या सांगा.

एवढं झाल्यावर ते चित्र एकदा नीट बघा. आपण रोज बघतो म्हणून बघतच नाही. हा वाघ डरकाळी फोडत नाही, झेप घेत नाही, पंजा उगारत नाही. मान खाली घालून चाललाय. शेपटी वर आहे. शेपटीजवळ एक छोटं जपानी अक्षर आहे, ती चित्रकाराची सही. आपल्याकडे बॅज शिवताना कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाले ती सही हमखास डाग समजून काढून टाकतात, किंवा तिची एक काळी टिकली होते. भोवतीचं वर्तुळ कंपासने काढलेलं नाही. ते कुंचल्याचं आहे, कुठे जाड कुठे बारीक. आपण ते कोरल ड्रॉमध्ये ओढून गोल गरगरीत करतो आणि वर लाल रंग भरतो. त्यावर आणखी पिवळाधमक वाघ आला की मूळ रेषाचित्राचं काही शिल्लक राहत नाही. सर्कशीची जाहिरात होते.

वर्तुळाचे अर्थ बरेच सांगतात: झेन साधूंचं वर्तुळ, विश्व, वाघाच्या शक्तीला घातलेली मर्यादा. हे नंतर चढवलेले अर्थ आहेत. ते खोटे आहेत असं मी म्हणत नाही. चिन्ह वापरात राहिलं की त्यावर अर्थ साचत जातात, आणि एखादा अर्थ उपयोगी असेल तर तो वापरावा. मान खाली घालून चालणारा वाघ मी स्वतः मुलांना दाखवतो तो फुनाकोशींच्या वीस सूत्रांपैकी एक समजावताना: कराटेत पहिला वार नाही. चित्रकाराच्या मनात ते होतं असा दावा मात्र करत नाही.

आणि एक गोष्ट बऱ्याच सरांनाही ठाऊक नसते. जपान कराटे असोसिएशन, म्हणजे १९४९ मध्ये स्थापन झालेली शोतोकानची सर्वात मोठी संस्था, तिचं अधिकृत चिन्ह वाघ नाही. ते साधं वर्तुळाचं चिन्ह आहे. म्हणजे वाघ नसला तर शोतोकान नाही, असं काही नाही.

दुसऱ्या शाळांच्या खुणांशी तुलना केली तर हे आणखी उलगडतं. गोजू-र्‍यूचं चिन्ह मूठ आहे, आणि ती संस्थापक चोजुन मियागींच्या उजव्या हाताची असं परंपरा मानते. क्योकुशिनचं 'कांकू' हे एका काताच्या, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकेच्या, सुरुवातीवरून घेतलंय: दोन्ही हात वर, बोटांची टोकं जुळलेली, मधल्या पोकळीतून आकाशाकडे पाहायचं. चिन्हातली टोकं म्हणजे बोटं, जाड भाग म्हणजे मनगटं. तोच काता शोतोकानमध्येही आहे, कांकू-दाई. वरच्या पट्ट्याच्या मुलांना तो येत असेल, तर त्यांना एकदा हात वर करायला लावून क्योकुशिनचं चिन्ह शेजारी धरा. सांगावं लागत नाही. शितो-र्‍यूने संस्थापक केनवा माबुनींच्या घराण्याचं चिन्ह घेतलं. वादो-र्‍यूत मुठीबरोबर कबुतर आहे.

सगळ्यात बोलकं उदाहरण इश्शिन-र्‍यूचं. ओकिनावाच्या तात्सुओ शिमाबुकूंनी १९५६ मध्ये ही शाळा सुरू केली. तिचं चिन्ह आहे मिझुगामी, अर्धी स्त्री अर्धी जलसर्पिणी. तिचा एक हात उघडा, एका हाताची मूठ. खाली खवळलेला समुद्र, वर आकाशात एक ड्रॅगन आणि तीन तारे. बॅज १९६१ मध्ये त्यांच्या एका अमेरिकन मरीन शिष्याने रेखाटला. म्हणजे संस्थापक हयात, रेखाटणारा माहीत, सगळा इतिहास डोळ्यांसमोरचा. तरीही ते तीन तारे कशाचे, यावर दोन उत्तरं चालतात. काही म्हणतात शिमाबुकूंचे तीन गुरू, क्यान, मोतोबू आणि मियागी. काही म्हणतात शरीर, मन, आत्मा. पन्नास-साठ वर्षांत ही स्थिती, तर वाघाच्या तीन उत्तरांचं नवल वाटायला नको.

आता नाशिककडे येतो, कारण तुमच्या मंडळाचा खरा प्रश्न इथला आहे.

गदेची सूचना करणाऱ्यांना मी हसणार नाही. आपल्या तालमीत मारुती असतो, मारुतीच्या हातात गदा असते, आणि तीच गदा पैलवान खांद्यावरून फिरवतो. देवाचं आयुध आणि व्यायामाचं साधन एकच. जगातल्या फार थोड्या व्यायामपरंपरांत खूण आणि कसरत इतकी एकजीव आहेत. त्यात नाशिकला तर हा वारसा दारातच आहे. समर्थ रामदासांनी टाकळीला बारा वर्षं तप केलं, तिथला गोमय मारुती आजही आहे. मल्लखांबाची कथाही इथूनच जाते: दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारातले बाळंभटदादा देवधर हैदराबादच्या पैलवानांचं आव्हान घेऊन वणीला सप्तशृंगीच्या पायाशी येऊन बसले, आणि मारुतीने त्यांना लाकडाच्या खांबावरची कसरत दाखवली, असं परंपरा सांगते.

आणि निशाण मुळात कशासाठी असतं हेही नाशिकला कुणी शिकवायला नको. सिंहस्थात प्रत्येक आखाड्याचा आपला ध्वज, आपली देवता. गर्दीत आपली माणसं कुठे आहेत हे लांबून कळावं, हे त्याचं पहिलं काम. १७८९ च्या सिंहस्थात शैव आणि वैष्णव आखाड्यांची मोठी लढाई झाली, आणि पुढे पेशव्यांच्या निवाड्याने शैवांचं स्नान त्र्यंबकेश्वरला आणि वैष्णवांचं रामकुंडावर असं ठरलं. निशाणामागे माणसं किती गंभीरपणे उभी राहतात याचा हा आपल्याच गावचा दाखला.

पण म्हणूनच माझं उत्तर असं आहे: वाघाच्या पंजात गदा देऊ नका. गदा तुमच्या क्लासमध्ये फिरवली जात नाही. जी कसरत आपण करत नाही तिची खूण छातीवर कशाला? आणि कोसुगींचा वाघ हा एका ग्रंथाचा वाघ आहे, त्याच्या हातात काही द्यायचंच असेल तर पुस्तक द्यावं लागेल. मागे गोदावरी काढली तर तीन सेंटिमीटरच्या भरतकामात नदीची निळी चिंधी दिसेल. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की ना धड हे ना धड ते.

त्याऐवजी दोन वेगळ्या खुणा करा. छातीवर शोतोकानचा वाघ आहे तसा ठेवा, सही आणि वेडंवाकडं वर्तुळ यांसकट. तो सांगतो की विद्या कुठून आली. क्लासची स्वतःची खूण डाव्या बाहीवर किंवा बॅनरवर घ्या. ती सांगेल की तुम्ही कुठले. तिच्यात वाघ नको, ड्रॅगन नको, आणि ते यिन-यांग तर मुळीच नको. ब्रूस लीने ते बाण आणि चिनी अक्षरांसह जीत कुन दो या स्वतःच्या शैलीसाठी घेतलं, त्यामागे त्याचा विचार होता. आपल्याकडे ते फक्त डिझायनरच्या पेनड्राइव्हमध्ये तयार असतं म्हणून येतं.

मला विचाराल तर मी रामशेज घेईन. पेठ रोडने जाताना दिसणारी त्याची आडवी, सपाट माथ्याची रेषा दोन-तीन टाक्यांत उभी राहते. १६८२ पासून या छोट्याशा किल्ल्याने औरंगजेबाच्या फौजांना काही वर्षं दाद दिली नाही. चढाई करून नाही, टिकून राहून. 'पहिला वार नाही' शिकवणाऱ्या क्लासला याहून जवळचं काही सापडायचं नाही. मंडळाला तरीही मारुतीच हवा असेल तर बाहीवरच्या खुणेत खुशाल घ्या, तिथे तो शोभेल. फक्त देवाची आकृती असलेला ड्रेस मॅटवर लोळतो, पायदळी येतो, कपडे धुण्याच्या ढिगात पडतो, हे पालकांना चालेल का ते आधी विचारून घ्या. मी तरी बॅनरपुरताच ठेवीन.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण यात बरेच क्लास गाफील असतात. आपल्या कॉपीराइट कायद्यात चित्राचं संरक्षण कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत असतं. कोसुगी १९६४ मध्ये वारले, तेव्हा मूळ चित्राची ती अडचण आता राहिली नाही. पण एखाद्या संघटनेने वाघ आणि स्वतःचं नाव मिळून ट्रेडमार्क नोंदवला असेल तर तसंच्या तसं उचलू नका; ट्रेडमार्कची नोंद ऑनलाइन शोधता येते. छत्रपती शिवाजी महाराजांचं चित्र किंवा नाव लोगोत घ्यायचा मोह अनेकांना होतो. १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धच्या कायद्याच्या परिशिष्टात महाराजांचं नाव आणि चित्र आहे, म्हणजे फी घेऊन चालणाऱ्या क्लासने ते बोधचिन्हात वापरण्याआधी वकिलाला विचारावं. अशोकस्तंभ तर अजिबात नको, त्याला २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. 'नॅशनल' स्पर्धेच्या बॅजवर तो सर्रास दिसतो म्हणून तो चालतो असं नाही.

राहिलं बॅज लावण्याचं. तो डाव्या छातीवर येतो, कारण ड्रेसची डावी बाजू नेहमी उजवीच्या वर येते. जपानमध्ये उजवी बाजू वर फक्त मृताला नेसवताना घेतात, त्यामुळे लहान मुलांचा ड्रेस उलटा बांधला असेल तर लगेच नीट करून द्या. जागतिक कराटे महासंघाच्या नियमाने होणाऱ्या मोठ्या स्पर्धांत ड्रेस पांढरा आणि छातीवर फक्त देशाचं चिन्ह, तेही १२ बाय ८ सेंटिमीटरच्या आत, असा नियम आहे. तिथे वाघ चालत नाही. स्थानिक स्पर्धांत आयोजकांवर असतं, पत्रक वाचा. ज्या मुलांना पुढे खेळायचंय त्यांच्यासाठी एक कोरा ड्रेस वेगळाच ठेवा, म्हणजे आदल्या रात्री टाके उसवत बसावं लागणार नाही.

छापील बॅज जाड कापडावर काही महिन्यांत तडकतो, त्यामुळे भरतकामच करा. एम्ब्रॉयडरीवाल्याला फाईल देताना सही कुठे आहे हे पेनाने गोल करून दाखवा आणि एक नमुना शिवून घेतल्याशिवाय सगळ्या बॅचची ऑर्डर देऊ नका. नवा सुती ड्रेस आधी दोनदा धुऊन आटू द्या, मग बॅज शिवा. उलटं केलंत तर पहिल्याच धुण्यात कापड आटतं, बॅज आटत नाही, आणि वाघाच्या पाठीला पोक येतं.